पिंपरीच्या व्हरांड्यातलं करिंथ

प्याला दारापर्यंत आला आणि थांबला.

मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. सोनवणे दोन्ही हातांत प्याला धरून ओळीनं सगळ्यांपुढे येत होते. प्रत्येक जण एक घोट घेई, सोनवणे रुमालानं कड पुसत आणि पुढच्याकडे वळत. खोली संपली. आता ते व्हरांड्यात जातील असं मी धरून चालले होते, कारण व्हरांड्यात लाजरस आणि त्याची बायको रूथ बसली होती. पण सोनवणे उंबऱ्याच्या आतच उभे राहिले. बाहेरून एका हातानं एक वाटी पुढे केली. जर्मनची, म्हणजे आता ज्याला ॲल्युमिनियम म्हणतात त्याची. सोनवण्यांनी प्याल्यातला रस वरून त्या वाटीत ओतला. प्याल्याची कड वाटीला लागू दिली नाही. ते वळले आणि प्याला मेजावर आणून ठेवला.

कुणी मान वर केली नाही. वाटी पुढे झाली तेव्हाच पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, प्रार्थना सुरू केली होती. सगळ्यांनी डोळे मिटले होते. माझे उघडेच राहिले.

ज्यांना हा विधी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही ख्रिस्ती लोक याला प्रभुभोजन म्हणतो. ख्रिस्तानं पकडलं जाण्याआधी आपल्या शिष्यांबरोबर जे शेवटचं जेवण घेतलं, त्याची ही आठवण. एक भाकर मोडायची आणि सगळ्यांनी खायची. एका प्याल्यातून सगळ्यांनी प्यायचं. आमच्याकडे मनुका उकळून गाळलेला रस असे. एक भाकर आणि एक प्याला, एवढाच त्याचा अर्थ. तो एक प्याला उंबऱ्याशी थांबला, तर बाकी काय उरलं ते मला त्या क्षणी कळेना.

मी तिथं काय करत होते तेही सांगायला हवं. गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. पुण्यात ख्रिस्ती स्त्रियांसाठी एक प्रशिक्षण शाळा होती, तिथं मी शिकवत असे. माझा विषय होता पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लिखाणाची पार्श्वभूमी. म्हणजे बायबलमधली पत्रं आणि शुभवर्तमानं, म्हणजे ख्रिस्ताची चरित्रं, ज्या गावांत, ज्या माणसांत लिहिली गेली ती गावं कशी होती, माणसं काय खात, कुणाच्या घरी जमत, गुलाम कोण आणि मालक कोण. ग्रीक मी शिकले होते. बाईमाणसानं ग्रीक शिकणं तेव्हा नवलाचं होतं. लोक मला त्याबद्दल असं विचारत, जसं एखाद्या बाईनं ट्रक चालवला तर विचारतील.

पिंपरीत तेव्हा कारखाना उभा राहत होता. एका बाजूला शेडची पोलादी चौकट आणि दुसऱ्या बाजूला ज्वारीचं रान, असा सगळा देखावा. पलीकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांच्या बराकी. कारखान्यात कामाला नगरहून, जालन्याहून, सोलापुरातून माणसं येत होती. त्यांत काही ख्रिस्ती कुटुंबं होती. त्यांना चर्च नव्हतं. त्यामुळे ती स्टोअरकीपर दानिएल सोनवणे यांच्या क्वार्टरमध्ये रविवारी जमत. महिन्यातून एकदा खडकीचे पाळक आढावसाहेब सायकलवरून कासारवाडीमार्गे येत आणि प्रभुभोजन देत. जमलेल्या ख्रिस्ती लोकांना आमच्याकडे मंडळी म्हणतात. ही मंडळी अजून कच्ची होती. तिला रीतसर मान्यता मिळण्याआधी शास्त्राचा एक वर्ग घ्यावा असं ठरलं आणि आमच्या प्रिन्सिपॉल मिससाहेबांनी मला पाठवलं.

मी आनंदानं गेले. खरं सांगायचं तर हरखून गेले. कारण ज्या गोष्टी मी पुस्तकातून शिकवत होते त्या इथं डोळ्यांसमोर होत्या. पहिल्या शतकात चर्चची इमारत नावाची गोष्टच नव्हती. मंडळी कुणाच्या तरी घरात जमे. जमीनजुमला सोडून आलेली, नव्या गावात नव्या धंद्याला लागलेली माणसं त्यात असत. मी वर्गासाठी करिंथ निवडलं. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं गाव. जुनं गाव रोमन सैन्यानं उद्ध्वस्त केलं होतं आणि नंतर ते नव्यानं वसवलं होतं. त्यामुळे तिथं जुने खानदानी कमी, मुक्त केलेले गुलाम, कारागीर, व्यापारी जास्त. प्रेषितानं, म्हणजे ज्याला ख्रिस्ताच्या कामासाठी पाठवलं त्यानं, त्या मंडळीला पत्रं लिहिली. आजही ती आम्ही वाचतो.

वर्गात मी फळ्यावर घराचा नकाशा काढला. श्रीमंत माणसाच्या घरात जेवणाची खोली असे. तीन बाजूंनी बैठका, त्यांवर लोडाला टेकून पाहुणे जेवत. फार तर नऊ माणसं मावत. मंडळी त्याहून मोठी. मग बाकीचे कुठं बसणार? बाहेरच्या अंगणात. आत कोण, बाहेर कोण, हे घराचा मालक ठरवणार. रोमन लोकांत अशी रीतच होती की एकाच मेजवानीत मोठ्या पाहुण्याला चांगली दारू आणि हलक्या पाहुण्याला आंबट दारू. कुणाला त्यात गैर वाटत नसे. गुलाम आणि मजूर काम संपवून उशिरा येत. तोवर आतल्या लोकांचं खाऊन झालेलं असे. त्यावरून प्रेषित संतापला होता. पुढे विद्वानांनी यावर बरंच लिहिलं. तेव्हा मी बरंचसं माझ्या तर्कानं जुळवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

"म्हणजे आपल्यासारखंच की," सोनवणे तेव्हा म्हणाले होते. "कंपनीची शिफ्ट सुटल्याशिवाय आमचेही काही लोक येत नाहीत."

सगळे हसले होते. लाजरस बॉयलरवर हेल्पर होता. तो आणि रूथ उशिरा येत आणि दाराबाहेर बसत. मला वाटे, उशीर झाला म्हणून संकोचानं बसत असतील. त्या दिवशी मी त्या दोघांकडे पाहून म्हणाले होते, "बघा, करिंथातला मजूर असाच धापा टाकत येत असेल." रूथनं पदर तोंडाला लावला होता. मी ते हसू समजले.

तर त्या रविवारी विधी संपला, चहा झाला. लाजरस आणि रूथ चहाआधीच उठून गेले होते. मी सोनवण्यांना बाजूला गाठलं. सोनवणे पन्नाशीचे, स्वच्छ धोतर, काळा कोट, नगरच्या तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातले. मृदू बोलणारे. ही मंडळी त्यांनीच जमवली होती.

"सोनवणेसाहेब, ती वाटी कशाला होती?"

"कोणती वाटी, बाई?"

"लाजरसची."

"अच्छा, ती होय. ती त्यांचीच आहे. येताना घरून आणतात."

घरून आणतात. हे शब्द त्यांनी असे उच्चारले जसं आपण छत्री घरून आणतो.

"प्याला बाहेर का गेला नाही?"

ते जरा हसले. त्यात रागाचा लवलेश नव्हता. "बाई, तुम्ही शहरात वाढलात. आमच्या लोकांचं आणि त्यांच्या लोकांचं पूर्वीपासून चालत नाही."

"पूर्वीपासून म्हणजे कधीपासून?"

"म्हणजे ख्रिस्ती व्हायच्या आधीपासून."

सोनवण्यांचे पूर्वज आणि लाजरसचे पूर्वज, दोघेही गावकुसाबाहेरचे. गावानं दोघांनाही पाणी तोडलेलं. पण गावकुसाबाहेरही दोन वस्त्या असतात आणि एकीचं पाणी दुसरीला चालत नाही, हे मी ऐकून होते. ते धर्म बदलून, गाव सोडून, रेल्वेनं पिंपरीच्या क्वार्टरपर्यंत आलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

"पण आपण हेच शिकलो ना," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "करिंथात हेच चाललं होतं आणि प्रेषितानं त्यांना फटकारलं."

"बाई, मी ते पत्र नीट वाचलंय. तुम्ही सांगितल्यावर पुन्हा दोनदा वाचलं." सोनवणे खरोखरच अभ्यासू होते. "तो रागावला ते कशाबद्दल? आतल्यांनी आधी खाऊन घेतलं, बाहेरचे उपाशी राहिले, याबद्दल. तो म्हणतो, एकमेकांसाठी थांबा. आम्ही थांबतो. लाजरस आल्याशिवाय मी भाकर मोडू देत नाही, विचारा कुणालाही. त्यांचा वाटा त्यांना मिळतो. पण अंगणातल्यांना आत घ्या, असं त्यानं कुठं लिहिलंय? दाखवा मला."



तसं त्यानं लिहिलेलं नाही. पत्रात घराच्या खोल्यांचा उल्लेखच नाही. खोली, अंगण, आत, बाहेर, हे सगळं मी फळ्यावर काढलं होतं. इतिहास समजावा म्हणून. सोनवण्यांनी माझा नकाशा घेतला होता आणि त्यात आपला व्हरांडा बसवला होता. पहिल्या मंडळीतही बाहेर बसणारे होते, म्हणजे बाहेर बसवणं शास्त्राला धरून आहे, असा त्यांचा सरळ हिशेब. एखाद्या डॉक्टरनं रोगाची लक्षणं सांगावीत आणि रोग्यानं ती प्रकृती उत्तम असल्याची खूण म्हणून घ्यावीत, तसं ते होतं.

"सगळ्या पत्राचा सूर बघा," मी कशीबशी म्हणाले. "सगळे मिळून एक शरीर, असं तो पुढंच सांगतो."

"शरीरात हात हाताच्या जागी असतो, पाय पायाच्या," सोनवणे शांतपणे म्हणाले. "आणि रागावू नका बाई, पण त्याच पत्रात बायकांनी मंडळीत गप्प राहावं असंही आहे. आम्ही ते तुम्हाला कधी म्हटलं का?"

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

स्टेशनच्या वाटेवर, कारखान्याच्या तारेच्या कुंपणाशी लाजरस आणि रूथ भेटले. त्यांची पत्र्याची खोली तिकडेच होती. लाजरसनं सलाम केला. आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणायची रीत आहे.

"लाजरसभाऊ, हे किती दिवस चाललंय?"

त्याला काय ते लगेच कळलं. "पयल्यापास्नं, बाई."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? घर त्यांचं हाय."

"कारखान्यातही असंच आहे का?"

लाजरस हसला. "न्हाई. थितं कॅन्टीन हाय न्हवं? सायबाचा हुकूम हाय, समदे एका बाकावर. सोनवणेसायेब माझ्या शेजारी बसून जेवत्यात. माझ्या हातनं पाण्याचा जग घेत्यात. ऐतवारी न्हाई घेत."

सोमवार ते शनिवार शेजारी बसायचं आणि रविवारी, प्रभूच्या मेजावर, वाटी. मला वाटलं होतं की सोनवण्यांना विटाळाची जुनी भीती असेल. भीती असती तर ती कॅन्टीनमध्येही दिसली असती. तिथं नोकरी होती, म्हणून ते बसत होते. इथं मोकळीक होती, म्हणून बसत नव्हते.

रूथ एकदम म्हणाली, "बाई, तुमी वर्गात आमच्याकडं बोट केलं, तवा मला वाटलं तुमाला ठावं हाय. आता बाई कायतरी बोलतील. तुमी फुडं गेला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "आमी आता येनार न्हाई. मी ह्यांना म्हनलं, देव काय त्या व्हरांड्यातच हाय व्हय?"

"पुढच्या प्रभुभोजनाला या," मी म्हणाले. "एवढंच या. मी काहीतरी करते."

काय करणार ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मिससाहेबांपुढे उभी राहिले. मिससाहेब परदेशी मिशनरी, पस्तीस वर्षं इकडं राहिलेल्या, मराठी आमच्याहून शुद्ध. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"तुम्हाला धक्का बसला," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला नाही बसला?"

"मला पहिल्या वर्षी बसला होता. नगर जिल्ह्यात. हे प्रश्न हळूहळू सुटतात, बाई. मुलं शिकतील, लग्नं होतील. आत्ता ओढून धरलं तर मंडळी मोडेल. सोनवण्यांचं घर गेलं तर ती माणसं जमणार कुठं?"

"मान्यता द्यायची का मग अशा मंडळीला?"

"तुम्ही पार्श्वभूमी शिकवायला गेला होता. ती उत्तम शिकवली असं सगळे म्हणतात." एवढं बोलून त्यांनी चष्मा घातला. मुलाखत संपली.

त्यांना आधीपासून माहीत होतं, हा दुसरा धक्का. तिसरा आढावसाहेबांकडे बसला. मी खडकीला त्यांच्या घरी गेले. ते अंगणात सायकलच्या साखळीला तेल घालत होते.

"पाळकसाहेब, तुम्ही डोळे मिटून प्रार्थना करता तेव्हा दाराशी काय होतं, माहीत आहे तुम्हाला?"

त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली. "माहीत आहे."

"आणि?"

"आणि म्हणूनच मी त्या वेळेला प्रार्थना सुरू करतो."

त्यांचे हात तेलानं काळे झाले होते. ते त्यांनी कितीतरी वेळ फडक्याला पुसले. मी उठून निघणार होते. तेवढ्यात ते म्हणाले, "लाजरस आता यायचा नाही म्हणतो, खरं का?"

"हो. मी त्यांना एकदा या म्हणून विनवलंय."

"पुढच्या खेपेला प्याला मी स्वतः फिरवीन," ते म्हणाले. "सोनवण्यांना देणार नाही. एवढं माझ्या अधिकारात आहे."

मी समाधानानं परतले. मला वाटलं, पाळक स्वतः प्याला घेऊन शेवटी व्हरांड्यात जातील. सोनवण्यांना ते रुचणार नाही, पण पाळकापुढे ते बोलणार नाहीत. शेवटी का होईना, एकाच प्याल्यातून होईल. मिससाहेब म्हणाल्या तसंच, हळूहळू.

तो रविवार आला. लाजरस आणि रूथ आले. रूथच्या हातात वाटी नव्हती. सोनवण्यांची बायको मार्थाबाई दारात उभी होती, तिनं रूथच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि आत गेली. खोली भरलेली होती. माझ्या वर्गात पहिली असणारी नर्स पुढे बसली होती. ऑफिसातला टायपिस्ट होता, तो माझ्या प्रश्नांची उत्तरं लिहून आणायचा. भाकर मोडली, वाटली. ती सोनवण्यांनी बाहेरही दिली, वरून हातावर टाकून. नंतर सोनवणे प्याल्यासाठी उठले. आढावसाहेबांनी हातानं त्यांना बसायची खूण केली आणि स्वतः प्याला उचलला.

ते पहिल्या ओळीकडे गेले नाहीत. लोकांमधून वाट काढत ते सरळ दाराकडे गेले, उंबरा ओलांडला आणि व्हरांड्यात लाजरससमोर वाकले.



लाजरसनं वर पाहिलं. त्याला वाटलं असावं पाळक चुकले. आढावसाहेबांनी प्याला त्याच्या ओठाला लावला. तो प्यायला. रूथ प्यायली. मग आढावसाहेब आत आले. प्याला पुसला नाही. पहिल्या ओळीत नर्सपुढे धरला.

नर्सनं मान हलवली. "सर्दी झालीय," ती पुटपुटली.

पाळक पुढे सरकले. टायपिस्ट खाली बघत होता. "आज माझं मन तयार नाही," तो म्हणाला. प्रभुभोजनाआधी माणसानं स्वतःला पारखून घ्यावं, तयारी नसेल तर घेऊ नये, असं त्याच पत्रात त्याच ठिकाणी लिहिलेलं आहे. ते मीच वर्गात समजावलं होतं. त्याच्या शेजाऱ्यानं तेच उत्तर उचललं. "मनाची तयारी नाही." त्याच्या पलीकडच्यानंही. एकेक करत खोलीभर तेच वाक्य फिरलं, अगदी हळू आवाजात, अगदी नम्रपणे. प्याल्याला कुणीच ओठ लावला नाही. माझ्यापुढे आला तेव्हा मी प्यायले. मी सुधारक म्हणून प्यायले नाही, एवढं नक्की. मला काही सुचत नव्हतं आणि प्याला समोर होता.

सोनवण्यांनी मान हलवलीसुद्धा नाही. ते फक्त पाळकांच्या पलीकडे भिंतीकडे बघत राहिले.

आढावसाहेब खोलीच्या मध्यभागी प्याला घेऊन उभे राहिले. प्याला जवळजवळ भरलेला. बाहेर व्हरांड्यात लाजरस उभा राहिला होता. तो आत बघत होता. सगळ्यांना दिसत होतं की तो बघतोय.

तेव्हा मार्थाबाई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. पदर सावरला, आढावसाहेबांच्या हातातून प्याला घेतला आणि प्यायली. एक घोट नव्हे. घटाघटा, थांबून श्वास घेऊन, सगळा. उन्हातून आलेलं माणूस पाणी पितं तसं.

"मार्था!" सोनवणे म्हणाले. ते एवढंच बोलले.

तिनं रिकामा प्याला पाळकांच्या हाती दिला आणि परत आत गेली. चहा झाला नाही.

नंतर पुष्कळ दिवसांनी मी तिला विचारलं की तुम्हाला ते धाडस कसं झालं. ती गोंधळली. म्हणाली, "धाडस कसलं, बाई? पाळकसाहेब एकटे उभे होते. इतकी माणसं बसलीत आणि कुणी काही घेईना. माझ्या घरात पाहुणा असा भरलं भांडं घेऊन उभा राहिलेला मला बघवेना."

दुसऱ्या दिवशी सोनवण्यांनी आढावसाहेबांना निरोप पाठवला की यापुढे मंडळीची सभा त्यांच्या घरी होणार नाही. भांडण नाही, आरोप नाही. घर त्यांचं होतं, त्यांनी दार लावलं. पहिल्या शतकातल्या घरमालकाची ताकद म्हणजे नेमकं काय, हे मी कितीतरी वर्षं शिकवत होते. पण दार लागल्यावर रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला ती कशी दिसते हे तेव्हा कळलं.

मिससाहेबांनी मला बोलावलं.

"मोडली ना मंडळी?" त्या म्हणाल्या.

"मोडली."

"मी म्हटलं होतं."

"हो," मी म्हणाले. मला वाद घालायचा नव्हता. त्यांचं चुकलं नव्हतं.

जागा मिळाली ती अनपेक्षित ठिकाणी. सिंधी बराकींत एक मास्तर मुलांची शाळा चालवत. आढावसाहेबांनी त्यांना रविवारपुरती खोली मागितली. मास्तरांनी एकच प्रश्न विचारला, "गाणं मोठ्यानं म्हणता का?" आढावसाहेब म्हणाले, "हो." मास्तर म्हणाले, "मग दुपारी नको, माझी आई झोपते. सकाळी या."

पहिल्या रविवारी आम्ही पाच जण होतो. पाळक, मी, लाजरस, रूथ आणि मार्थाबाई. मार्थाबाई एकटी आली होती. त्याच्या पुढच्या महिन्यात टायपिस्ट आला आणि काही न बोलता मागं बसला. त्यानं प्याला घेतला नाही. आणखी काही महिन्यांनी घेतला. नर्स आली नाही. मंडळी वाढली, पण जुन्या माणसांनी कमी आणि कारखान्यात नव्यानं आलेल्यांनी जास्त. त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं, म्हणून त्यांना सोपं गेलं. मान्यता मिळायला बराच काळ गेला. ती मिळाली तेव्हा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांत लाजरसचं नाव होतं. रूथ मला म्हणाली, "आता तरी ह्यांना येळंवर यायला सांगा."

सोनवणे शिवाजीनगरच्या एका मोठ्या चर्चमध्ये जाऊ लागले. तिथं प्रत्येकाला वेगळा छोटा काचेचा ग्लास देत असत, त्यामुळे तिथं प्रश्नच नव्हता. थोड्याच दिवसांत ते तिथले पंच झाले. रविवारी सकाळी नवरा आणि बायको एकाच घरातून निघून दोन दिशांना जात. मार्थाबाईनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. सोनवण्यांनीही तिला कधी अडवलं नाही, असं ती सांगत असे. रस्त्यात भेटले की ते मला सलाम करत, प्रकृती विचारत. ते वाईट गृहस्थ नव्हते. मला आजही तेच सगळ्यांत भीतीदायक वाटतं.

मी त्यानंतर वीसेक वर्षं तोच विषय शिकवला. करिंथचा नकाशा काढायचं सोडलं नाही, पण तो काढून झाल्यावर मी विद्यार्थिनींना एक काम देऊ लागले. रविवारी आपापल्या मंडळीत जायचं आणि कोण कुठं बसतं, कुणाच्या आधी कोण पितं, भांडी कोण घासतं, एवढं बघून यायचं. बऱ्याच जणी सोमवारी येऊन सांगत की आमच्याकडे असं काही नाही. काही जणी काहीच सांगत नसत. मी त्यांना दुसऱ्यांदा विचारत नसे.

धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच. जुनं पत्र कुणी कुणाला लिहिलं हे शोधायला माझी उमेदीची वर्षं गेली. ते आपण कुणाच्या घरात बसून वाचतोय, हे मात्र आधी बघून घ्यावं.